पांदण रस्त्यावर ब्लेड लाटा का पाडतं?

नागपूरच्या आसपास, विशेषतः काटोल, नरखेड, कळमेश्वर या संत्रापट्ट्यात, १८ ते २८ एचपीचे छोटे ट्रॅक्टर आता बऱ्याच वावरांत दिसतात. ६ बाय ६ मीटरवर लावलेल्या झाडांमधून मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडत जातो, म्हणून हे छोटे. त्यांच्यासाठी रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर, फवारणीचा ब्लोअर दुकानात तयार मिळतो. ब्लेड, म्हणजे माती सरकवायला ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे आडवा बसवलेला पत्रा, मात्र लोक बहुतेक वेळा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडूनच करून घेतात, कारण मोठ्या ट्रॅक्टरचं तयार ब्लेड याला झेपत नाही. पांदण रस्त्यावर, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, टाकलेला मुरूम पसरवायचा, पावसात पडलेल्या चाकोऱ्या बुजवायच्या, धुऱ्याकडची (बांधाकडची) माती ओढायची, एवढ्याच कामासाठी ते हवं असतं.

तक्रारही सगळीकडे सारखीच असते. रस्ता सपाट होण्याऐवजी लाटालाटांचा होतो. एक फेरी मारली की हलक्या लाटा, दुसऱ्या फेरीला त्याच लाटा खोल, तिसऱ्या फेरीला ट्रॅक्टरवर बसवत नाही. मग पहिला प्रश्न येतो, "वजन कमी पडते का भाऊ?" वेल्डिंगवालाही तेच म्हणतो. मागे अँगल जोडतात, त्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवतात, कुठे कुठे तर चक्क माणूस उभा करतात. लाटा तशाच राहतात, उलट वाढतात.

माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक ब्लेडांत लोखंड पुरेसं असतं, चुकते ती जोडणी. ब्लेड ट्रॅक्टरला इतकं घट्ट बांधलेलं असतं की ट्रॅक्टरने मान हलवली की तेही हलतं. त्याला जमिनीचा आधार मिळाला पाहिजे. हे एकदा जमलं की निम्म्या वजनाचं ब्लेडही रस्ता नीट करतं.

आधी लाट मोजा

वेल्डिंगचं मशीन काढण्याआधी टेप काढा. एक फेरी मारून झाली की ट्रॅक्टर बाजूला लावा आणि एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजा. रोग कुठे आहे ते हे अंतर बरंचसं सांगतं.

लाटा वीतभर किंवा त्याहून जवळजवळ असतील, पन्हाळी पत्र्यासारख्या, तर ब्लेड थरथरतंय. पिना आणि बुश (पिनेभोवतीची नळी) ढिले झाले असतील, धार फार पुढे कललेली असेल किंवा आडवा दांडा बारीक असल्याने लवत असेल. लाटा एक ते अडीच मीटरवर, म्हणजे ट्रॅक्टरच्याच लांबीच्या मापाच्या असतील, तर जोडणीची भूमिती चुकलेली आहे. आणि लाटा नसून रस्ता एका बाजूला खोल, दुसरीकडे उंच असा होत असेल, तर मागच्या दोन टायरांची हवा तपासा आणि लिफ्टचा उजवा दांडा फिरवून लेव्हल करा. या शेवटच्या दुखण्याला एवढंच पुरतं, त्यासाठी काही कापाकापी करू नका.

सगळ्यांत जास्त ब्लेडं दुसऱ्या प्रकारात बसतात, म्हणून आधी तीच घेऊ.

ट्रॅक्टरची मान आणि ब्लेड

छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण दीड मीटर अंतर असतं. समजा पुढची चाकं ५ सेंटिमीटरच्या उंचवट्यावर चढली. ट्रॅक्टर मागच्या आसावर फिरतो, नाक वर आणि शेपूट खाली. मागचं ब्लेड आसाच्या एक मीटर मागे असेल, तर ते तेवढ्यात ३ सेंटिमीटरहून जास्त खाली जाईल. म्हणजे ज्या जागी खड्डा नको, नेमकं तिथेच ते खोदतं. चाकं उंचवट्यावरून उतरली की ब्लेड वर येतं आणि भरलेली माती तिथे सांडतं. एका उंचवट्याचे दोन झाले.

पुढच्या ब्लेडचं याहून वाईट. ते पुढच्या चाकांच्या मीटरभर पुढे, म्हणजे मागच्या आसापासून अडीच मीटरवर असतं. चाकं ३ सेंटिमीटर वर गेली की ब्लेड ५ सेंटिमीटर उचललं जातं. त्यामुळे ते ५ सेंटिमीटरचा उंचवटा मागे सोडतं, आणि मीटरभराने त्याच उंचवट्यावर पुढची चाकं चढतात. आता ब्लेड ८ सेंटिमीटर वर. तीनाचे पाच, पाचाचे आठ. म्हणूनच पुढे घट्ट बसवलेलं ब्लेड पहिल्याच फेरीत रस्ता बिघडवतं. वजन वाढवून हा हिशोब बदलत नाही.

काश्मीर, लडाख, हिमाचलच्या घाटांत बीआरओ (सीमा रस्ते संघटना) ज्या गाड्यांनी रस्त्यावरचा बर्फ हटवते, त्यांच्या फाळाकडे बघितलं तर याचं उत्तर सापडतं. बर्फ काढणाऱ्या फाळात तीन गोष्टी नेहमीच्या असतात. फाळ वर उचलायला साखळी किंवा सैल सोडलेला हायड्रॉलिक असतो, त्यामुळे खाली सोडल्यावर तो गाडीच्या हालचालीतून मोकळा होतो. त्याच्या खाली लोखंडी बूट असतात, जमिनीपासूनची उंची ते ठरवतात. आणि दगड किंवा रस्त्याची कड लागली की स्प्रिंगच्या जोरावर फाळ किंवा त्याची धार मागे लवते, दगड गेला की परत जागेवर येते. नागपुरात बर्फ पडत नाही, पण मुरमातला पुरलेला दगड आणि संत्र्याच्या झाडाचं जुनं खुंट आहेच. या तिन्ही गोष्टी आपल्या ब्लेडाला तशाच लागू पडतात.

पुढच्या ब्लेडची दुरुस्ती

पहिली नजर टाका ती ढकलणाऱ्या भुजांच्या मागच्या पिनेवर. ती जमिनीपासून किती उंच आहे? बहुतेक घरगुती ब्लेडांत भुजा पुढच्या बंपरलाच जोडलेल्या असतात, कारण तिथे भोकं तयार असतात. पिन ४० सेंटिमीटर उंच, भुजा १२० सेंटिमीटर लांब आणि समोर मातीचा रेटा १५० किलोचा असेल, तर नुसत्या त्या उंचीमुळे ब्लेडावर खालच्या दिशेने ५० किलो जोर येतो. रेटा वाढला की हा जोर वाढतो, जोर वाढला की ब्लेड आणखी रुततं, रुतलं की रेटा आणखी वाढतो. शेवटी ट्रॅक्टर दबतो नाहीतर चाकं घसरतात, ड्रायव्हर लिव्हर ओढतो आणि तिथे ढीग राहतो. तीच पिन १५ सेंटिमीटर उंचीवर आणली की हा जोर १९ किलोच्या आसपास येतो. ब्लेड शांत होण्यासाठी एवढा एक बदलही पुष्कळ असतो.

पिन खाली घ्यायची तर ती बंपरला लटकवून चालत नाही. ७५ बाय ४० मिलिमीटरचे दोन चॅनेल ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे न्या आणि मागच्या आसाच्या घराला नटबोल्टने पकडवा. पुढे ते चेसिसला फक्त टांगलेले असावेत. ढकलण्याचा सगळा जोर मागच्या आसावर गेला पाहिजे. पुढचा आधार बऱ्याच ट्रॅक्टरांत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड धक्क्याने तडकतं, आणि त्यावर साधं वेल्डिंग धरत नाही. तिथे वेल्डिंगचा ठिपकासुद्धा मारू नका, जे काही करायचं ते कंपनीने दिलेल्या भोकांतूनच.

उचलायला कडक दांडा असेल तर तो काढून साखळी लावा. साखळी ब्लेडाला वर ओढते, पण खाली दाबू शकत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. काम करताना साखळी दोन-तीन कड्यांनी सैल दिसली पाहिजे. हायड्रॉलिक सिलिंडर असेल तर त्याच्या टोकाच्या पिनेला लांबट भोक पाडलं की तेच काम होतं.

मग बूट. ब्लेडच्या दोन्ही टोकांना, धारेच्या लगेच मागे, १०० बाय २५० मिलिमीटरची जाड पट्टी बसवा आणि तिचं पुढचं टोक वर वळवून घ्या. उभा दांडा भोकाभोकांचा ठेवा म्हणजे उंची बदलता येते. मुरूम पसरवताना बुटाचा तळ धारेपेक्षा साधारण १० मिलिमीटर खाली, खरवडताना धारेच्या बरोबरीने. काळ्या मातीत अरुंद बूट सुरीसारखे आत जातात, तिथे पट्टी आणखी रुंद हवी.

मागच्या ब्लेडची दुरुस्ती

मागच्या ब्लेडात एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. तीन बिंदूंची जोडणी, म्हणजे खालचे दोन दांडे आणि वरची टॉप लिंक, नुसती वर उचलते, खाली दाबत नाही. लिव्हर कितीही खाली लोटला तरी ब्लेडवर जोर येत नाही. ब्लेड किती चावणार ते त्याचं वजन आणि धारेचा कल ठरवतो.

तुमच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिकचे दोन लिव्हर असतील तर ब्लेडाला हात लावण्याआधी ते बघा. नांगरटीसाठी असलेला ड्राफ्टचा लिव्हर चालू राहिला असेल, तर ओढ वाढली की लिफ्ट आपोआप उचलते आणि ओढ कमी झाली की सोडते. ब्लेड भरतं, वर येतं, रिकामं होतं, खाली जातं. ही लाट अगदी ठेक्यात पडते आणि लोक महिनोन्महिने वेल्डिंगमध्ये तिचं कारण शोधत बसतात. लिफ्ट पोझिशनवर, म्हणजे ठरलेली उंची धरून ठेवणाऱ्या लिव्हरवर आणा आणि पुन्हा एक फेरी मारून बघा. कित्येकदा काम इथेच संपतं.

संपलं नाही, तर ब्लेडच्या मागे ६० ते ९० सेंटिमीटरवर दोन छोटी चाकं द्या. विटा वाहायच्या हातगाडीची भरीव चाकं चालतात. ती उंची बदलता येणाऱ्या दांड्यावर बसवा आणि लिफ्ट पूर्ण खाली सोडून काम करा. आता ट्रॅक्टरचं शेपूट खाली गेलं की मागची चाकं जमिनीवर टेकून ब्लेडाला आत जाऊ देत नाहीत, खालचे दांडे मोकळे असल्याने वर येतात. उलट नाक खाली गेलं की टॉप लिंक ब्लेडाला वर ओढते, त्यासाठी ब्लेडच्या खांबावर टॉप लिंकच्या पिनेला ५-६ सेंटिमीटरचं आडवं लांबट भोक पाडा. तेवढा झोल मिळाला की चाकं जमीन सोडत नाहीत. पिनांच्या मापात गोंधळ करू नका. या ट्रॅक्टरांना बहुधा पहिल्या वर्गाची जोडणी असते, म्हणजे खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची १९ ची. १९ च्या पिनेवर २२ चं भोक ठेवून वायसर भरणारे पुष्कळ आहेत, आणि थरथर तिथूनच सुरू होते.

ब्लेड जितकं ट्रॅक्टरच्या जवळ तितकं चांगलं. खालचे दांडे आणि ब्लेड यांच्यात नुसती लांबी वाढवणारा सांगाडा असेल तर तो कापून आखूड करा. मीटरभराचं अंतर पाऊण मीटर केलं की तो ३ सेंटिमीटरहून जास्त येणारा हेलकावा अडीचवर येतो.

टॉप लिंकबद्दल उलटसुलट सांगितलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. एकेरी ब्लेडात टॉप लिंक लांब केली की ब्लेडचा माथा मागे जातो, धार पुढे आणि खाली येते, आणि ब्लेड जास्त चावतं. आखूड केली की धार मागे राहते आणि ब्लेड नुसतं घासत जातं. ज्यांच्याकडे पुढे दात आणि मागे फळी असलेला डबा आहे त्यांच्यासाठी हे उलट आहे, कारण आखूड लिंकने त्यांचे पुढचे दात जमिनीत जातात. वखराची पास बसवताना जुने लोक कल किती जपून ठरवत असत ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुरूम खरवडायला माथा सरळ उभ्यापासून १०-१५ अंश मागे, पसरवायला जवळजवळ सरळ, इथून सुरुवात करा आणि लिंकचा एकेक आटा फिरवून बघा.

वीतभर लाटा, म्हणजे थरथर

इंजिन बंद ठेवून ब्लेड जमिनीवर टेकवा. एकाने ब्लेडचं टोक धरून हलवायचं, दुसऱ्याने प्रत्येक पिन आणि तिचा कान यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. जिथे झोल आहे तिथे बोटाला टकटक लागते. डोळ्यांना न दिसणारा मिलिमीटरभराचा झोलही बोटाला कळतो. तो ब्लेडच्या टोकाला पोचेपर्यंत बोटभर होतो. त्या कानात लेथवर करून घेतलेला बुश ठोका आणि पिनेला ग्रीसची जागा ठेवा. टॉप लिंकचं लांबट भोक मात्र सोडा, तो झोल आपणच ठेवलेला आहे. खालच्या दांड्यांच्या दोन्ही बाजूच्या साखळ्याही ताणून घ्या, नाहीतर तिरपं केलेलं ब्लेड शेपटासारखं डुलतं.

त्यानंतर धारेची चमक बघा. तासभर काम केल्यावर धार टोकापासून टोकापर्यंत सारखी उजळलेली असली पाहिजे. मधलाच दीड-दोन फुटांचा भाग चकाकत असेल आणि टोकांना गंज तसाच असेल, तर ब्लेडला पोट आलंय, वेल्डिंगच्या उष्णतेने ते वाकलंय. मागून उभी पट्टी देताना एका टोकाकडून दुसऱ्याकडे सलग वेल्डिंग ओढलं की हे होतं. मधून सुरुवात करून आलटून पालटून दोन-दोन इंचांचे टाके मारत जायचं.

धारेसाठी ट्रकचे जुने कमानपाटे भंगारात स्वस्त मिळतात आणि लोक ते थेट वेल्ड करतात. कमानपाटा कडक केलेल्या पोलादाचा असतो. साध्या रॉडने वेल्ड केला की टाक्याच्या शेजारी तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्या दगडाला तडकतो. जेसीबी किंवा ग्रेडरची वापरलेली धार मिळाली तर ती घ्या. तिला भोकं असतात, नटबोल्टने बसते, आणि काही प्रकारांत एक कड झिजली की उलटवून दुसरी वापरता येते. पत्र्याला वक्र आकार हवा असेल तर मोठ्या व्यासाच्या जुन्या पाइपाचा ६ मिलिमीटर जाडीचा तुकडा उभा कापून घ्या, नाहीतर हिंगणा एमआयडीसीकडे रोलिंग करून घ्या. गॅसची जुनी टाकी मात्र कोणी कितीही स्वस्तात दिली तरी कापू नका. आत उरलेल्या गॅसने माणसं गेली आहेत.

दीड मीटर लांब, ४० सेंटिमीटर उंच, ६ मिलिमीटरचा पत्रा २८ किलोचा होतो, १२ मिलिमीटर जाड आणि १०० रुंद धार आणखी १४ किलोची. सांगाड्यासकट शंभर किलोच्या आत बसतं. यापुढे लोखंड वाढवायची गरज सहसा पडत नाही. लांबी ठरवताना मात्र हिशोब करा. दीड मीटरचं ब्लेड ३० अंश तिरपं केलं की ते १.३ मीटरच रुंदी झाकतं. मागच्या टायरांची बाहेरची रुंदी याहून जास्त असेल तर साफ केलेल्या पट्ट्यावर टायर मातीचा वरंबा दाबत चालतो.

दगड लागला तर

लवणारी धार करायला वेगळी स्प्रिंग शोधू नका. स्प्रिंगवाल्या कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगा ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात सहज मिळतात आणि त्या याच कामासाठी बनलेल्या असतात. ब्लेड खालच्या बाजूला बिजागरीवर, वरच्या बाजूला दोन स्प्रिंगांनी मागे ओढून धरलेलं, आणि मागे थांबवणारा ठोकळा, एवढी साधी रचना पुढच्या ब्लेडाला पुरते. दगड लागला की माथा पुढे झुकतो, धार मागे जाते आणि ब्लेड दगडावरून चढतं. ताण एवढा ठेवा की भरलेल्या मुरमाला ब्लेड उभं राहील आणि पुरलेल्या दगडाला लवेल. जोर लावून बघत एकेक आटा वाढवा. स्प्रिंग ताणलेली असताना तिच्या रेषेत उभं राहू नका.

वाफसा

एवढं सगळं नीट केलं तरी वेळ चुकली तर रस्ता होणार नाही. काळी माती ओली असताना ब्लेडला चिकटून बसते, मग ब्लेड माती सरकवत नाही, नुसता गोळा ढकलत राहतं. मेच्या उन्हात तीच माती भेगाळून ढेकळांची झालेली असते आणि मुरूम दगडासारखा घट्ट. दोन्ही वेळी लाटा पडतात आणि दोष ब्लेडला लागतो. पहिल्या पावसानंतर वाफसा आला की दोन-तीन दिवस असे मिळतात की मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा होतो आणि बोटाने ढकलला की फुटतो. पांदणीचं काम तेव्हाच धरा. वेग चालत्या माणसाएवढा, गिअर खालचा.

खोल लाटा आधीच पडलेल्या रस्त्यावर सरळ फेऱ्या मारून काही होत नाही, कारण पुढची चाकं त्याच लाटांवरून जात राहतात. कल्टिव्हेटरने लाटेच्या तळापर्यंत रस्ता आडवा-तिरपा उकरून घ्या, मग ब्लेड तिरपं लावून दोन्ही बाजूंनी माती मधे आणा. मधोमध थोडी उंची राहिली तर पाणी बाजूंना निघतं आणि पुढच्या पावसात चाकोरी पडत नाही.

मागचं ब्लेड घेऊन रिव्हर्समध्ये ढीग ढकलू नका, टॉप लिंक आणि खालचे दांडे वाकतात. वजनासाठी ब्लेडवर कोणाला उभं करू नका, पोरांना तर मुळीच नाही. खाली वाकून पिना बघताना ब्लेड लिफ्टवर अधांतरी ठेवू नका, जमिनीवर टेकवा किंवा खाली लाकडाचा ठोकळा द्या. नव्या जोडणीचे सगळे बोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर परत आवळा. रंग दबून आणि पत्रे बसून ते ढिले पडतातच, आणि पोटाखालच्या चॅनेलचे बोल्ट दिसत नसल्याने नेमके तेच राहून जातात.